पोचा आणि पोच

मोटारीच्या पत्र्यावर पडलेल्या खळग्याला आता सगळेच डेंट म्हणतात. परंतु मराठीत त्यासाठी पोचा हा नेमका शब्द आहे. माझ्या आईच्या पिढीला तोच ठाऊक होता. पितळी तपेल्याला पोचा पडे, नळाच्या कट्ट्यावर आपटून घागरीला पोचे येत, आणि एखाद्या भांड्याला फारच पोचे आले की ते मोडीत द्यावे की ठोकून घ्यावे यावर घरात चर्चा होई. याच शब्दाच्या शेजारी कोशात पोच हा दुसरा शब्द बसलेला असतो. पत्राची पोच, पैशांची पोच, म्हणजे मिळाल्याची कबुली. शिवाय ‘त्याला पोच नाही’ असे म्हणताना अभिप्रेत असते ती समज. भाषाशास्त्राच्या अध्यापकांनी लगेच नाक मुरडू नये. या शब्दांचे कूळ एक आहे असा माझा दावा नाही. एवढेच की गेले वर्षभर ते माझ्या मनात एकमेकांना चिकटून बसले आहेत, आणि तसे होण्यास एक कारण घडले आहे.

आमची सोसायटी पुण्यातली, १९९० च्या आगेमागे बांधलेली. इमारत खांबांवर उभी आणि खांबांच्या मधे गाड्या. आराखडा काढणाऱ्याच्या डोळ्यांपुढे तेव्हा फियाट पद्मिनी किंवा मारुती ८०० असणार. या दोन्ही गाड्या रुंदीला दीड मीटरहून कमी. आज घरोघरी दिसणारी मध्यम आकाराची गाडी पावणेदोन मीटर तरी असतेच. आमच्या दोन खांबांमधले मोकळे अंतर आहे चार मीटर ऐंशी सेंटिमीटर (हे मी नंतर टेपने मोजले, का ते पुढे येईलच). त्यात दोन गाड्या उभ्या केल्या की साडेतीन मीटर गेले, उरले एक मीटर तीस. खांब आणि गाडी, गाडी आणि गाडी, गाडी आणि खांब अशा तीन फटींत ते वाटले की प्रत्येक फटीच्या वाट्याला त्रेचाळीस सेंटिमीटर येतात. एवढ्या फटीत दार उघडून, पोट आत घेऊन, खांद्याला पिशवी लावून एका प्राध्यापकाने बाहेर पडायचे असते. इमारती तशाच राहिल्या, गाड्या रुंद होत गेल्या. आम्हीही झालो, पण तो विषय वेगळा.

माझ्या उजव्या हाताला काकांची गाडी असते. काका बँकेतून निवृत्त झालेले. आयुष्यभर स्कूटरवर हिंडल्यानंतर निवृत्तीच्या पैशातून त्यांनी गडद निळ्या रंगाची गाडी घेतली. तिच्या बैठकांवरचे प्लॅस्टिक त्यांनी सहा महिने काढले नव्हते. जुलैमधल्या एका संध्याकाळी मी परतलो तेव्हा वारा सुटला होता. खांबांवरच्या इमारतीखालून वारा बोगद्यातून यावा तसा येतो. मोटारीच्या दाराला उघडताना वाटेत दोन ठिकाणी अडायची सोय असते. बिजागरीजवळची एक पोलादी पट्टी ते काम करते. जुन्या गाडीत ती झिजते आणि दार न थांबता पुढे जाते. माझी गाडी अकरा वर्षांची. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात तपासायच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा, आणि दार मी कोपराने ढकलले. वाऱ्याने ते माझ्याकडून काढून घेतले.

आवाज मोठा नव्हता. स्टीलच्या डब्याला झाकण बसावे तसा. काकांच्या गाडीच्या पुढच्या डाव्या दारावर, कडीच्या जरा खाली, दहा रुपयांच्या नाण्याएवढा पोचा पडला होता. मी खिशातला रुमाल काढून ती जागा पुसली. चिखलाचा डाग असावा अशी आशा होती, असे म्हणू. पुसल्यावर पोचा अधिकच स्वच्छ दिसू लागला. आजूबाजूला कोणी नव्हते. पाऊस सुरू झाला होता. काकांच्या घरात दिवा होता. पण त्यांची जेवणाची वेळ झाली होती, माझे बूट ओले होते आणि सकाळी साडेसातचा तास होता. सकाळी सांगू, असे ठरवून मी जिना चढलो.

सकाळी अर्थातच मी घाईत निघालो. दुपारी परतलो तेव्हा खाली चारपाच माणसे जमलेली होती आणि मधे गाड्या पुसणारा मुलगा उभा होता. एकोणीस-वीस वर्षांचा. पहाटे पाचला सायकलवरून येई, हँडलला बादली अडकवलेली, आणि सातच्या आत अकरा गाड्या पुसून जाई. गाडीमागे महिना चारशे रुपये. पोचा ज्या उंचीवर होता ती उंची आणि सायकल या दोन गोष्टींची काकांनी सांगड घातली होती. बँकेत तीस वर्षे जमाखर्च जुळवलेल्या माणसाला एक न जुळणारी नोंद सहन होत नाही, हे मी समजू शकतो.

“माझी सायकल तिकडं भिंतीला असती, काका,” तो म्हणत होता. “आणि हँडल बघा की, किती वर येतंय ते.”

मग त्याची नजर माझ्याकडे गेली. “सर, तुम्ही सांगा की. तुम्ही बघता रोज.”

मी म्हणालो, “मी काही पाहिलं नाही बुवा.”

वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष होते. त्याच्या सायकलविषयी मी खरोखरच काही पाहिले नव्हते. पहिल्या पायरीवर एक पाय आणि दुसरीवर एक असा मी उभा होतो, आणि ते वाक्य बोलून झाल्यावर वरच्या पायरीवरचा पाय पुढे गेला, एवढे मला स्पष्ट आठवते. काकांनी त्याला काढले. आठवड्याभरात आणखी तीन घरांनी काढले. कारण विचारले तर सांगता आले नसते, पण एकाने काढले की दुसऱ्याला आपण गाफील राहिलो असे वाटू लागते. उरलेल्या सात गाड्यांसाठी एवढ्या लांबून सायकल मारणे परवडेना म्हणून तो स्वतःच यायचा बंद झाला. पहिल्या दिवशी जे सांगणे एका वाक्याचे काम होते, त्याला आता प्रस्तावना, स्पष्टीकरण आणि परिशिष्ट लागणार होते. मी गप्प राहिलो.

अपराधी वाटू लागले की आमच्यासारखी माणसे वाचू लागतात. मी पोच्यांविषयी वाचू लागलो. मोटारीच्या दाराचा बाहेरचा पत्रा साधारण पाऊण मिलिमीटर जाडीचा, कित्येकदा त्याहूनही पातळ असतो. त्यावरचे रंगाचे सगळे थर मिळून एका मिलिमीटरचा दहावा भाग, कमीअधिक. एवढ्या पातळ कातडीला ताठ ठेवते ती तिची किंचित फुगीर घडण; सपाट पत्रा लगेच लचकतो, बाक दिलेला पत्रा तग धरतो. हल्ली बाहेरच्या पत्र्यांसाठी अशा जातीचे पोलाद वापरतात की रंग भाजण्याच्या भट्टीत, सुमारे १७० अंश सेल्सिअसला वीसेक मिनिटे राहिल्यावर, ते आणखी कणखर होते. साच्यात दाबताना मऊ, रंगवून झाल्यावर कठीण. तरीही दाराची कड म्हणजे दुमडलेल्या पत्र्याची पातळ धार. तळहाताने दाबले तर सहज सहन होईल असे बळ त्या धारेवर एकवटले की पत्रा हार मानतो.

हार मानतो म्हणजे काय होते, याचे उत्तर शोधताना मी रॉबर्ट हूकपर्यंत पोचलो. ताण आणि बळ यांच्या प्रमाणाचा आपला नियम हूकने १६७६ मध्ये छापला तो अक्षरांची उलथापालथ करून, कोणाला वाचता येऊ नये अशा कूटरूपात. शोध आपला हे नोंदले जावे, पण शोध काय हे कळू नये, अशी ती युक्ती. दोन वर्षांनी, १६७८ मध्ये, त्याने कूट उकलून दाखवले. त्या पुस्तकाच्या लॅटिन नावाचा अर्थ होतो, मूळपदावर येण्याच्या शक्तीविषयी. पत्र्यात ही शक्ती असते, पण मर्यादेपर्यंत. मर्यादेच्या आत वाकला तर तो स्वतःहून परततो, पलीकडे गेला तर नवीन आकारालाच आपला आकार मानून बसतो. पोच्यात दोन्ही प्रकार एकत्र असतात. बाहेरचे सौम्य वर्तुळ परत यायला तयार असते, मधली तीक्ष्ण रेघ त्याला धरून ठेवते.

म्हणूनच घरगुती उपायांवर फार विसंबू नये. उकळते पाणी ओतून पोचा काढण्याची जी दृश्ये दाखवतात ती बहुतेक बंपरची असतात. बंपर प्लॅस्टिकचा, गरम झाला की मऊ पडतो आणि आतून ढकलला की मागे येतो. दार पोलादाचे. केस वाळवण्याचे यंत्र आणि मग बर्फ, हा प्रयोग मोठ्या, उथळ, रेघ नसलेल्या खळग्यावर एखादेवेळी साधतो. नाण्याएवढ्या पोच्यावर त्याने फक्त रंग तापतो. रबरी वाटी चिकटवून ओढण्याचेही तेच, वाटीच पोच्याहून मोठी. हे मी पैसे मोजून शिकलो. तशी एक वाटी मी मागवली होती, आणि एका रात्री अकरानंतर ती खिशात घालून खाली उतरलो होतो. काकांच्या गाडीपाशी पोचलो तोच रखवालदाराने विजेरी मारली. “काय हरवलं का सर?” मी किल्ली म्हणालो. त्याने बिचाऱ्याने दहा मिनिटे माझ्यासोबत किल्ली शोधली.

पत्रा मार खाल्ल्यावर कठीण होतो ही गोष्ट मला पुस्तकाआधी पाहून ठाऊक असायला हवी होती. कसब्यातल्या तांबट आळीत मी विद्यार्थ्यांना घेऊन अनेकदा गेलो आहे. तांबे भट्टीत तापवून मऊ करतात, त्याला आकार देतात आणि शेवटी मठारकाम करतात. हातोडीचा एकेक ठोका एकमेकाला लागून, ओळीने, सारख्या बळाने. त्या ठोक्यांनी भांड्याला ताठपणा येतो आणि त्यावर उमटलेल्या ठशांमुळे ते चमकते. म्हणजे बंब किंवा घागर यांचे सौंदर्य हे एका अर्थी हजारो छोट्या पोच्यांचे सौंदर्य. आमच्या गाड्यांना एकही चालत नाही. मुलांना हे सांगताना मी त्यावर सौंदर्यशास्त्राचे बरेच काही रचत असे. ठोका कोणाचा आणि तो कोणी आपल्या नावावर घेतला, हा प्रश्न मात्र तेव्हा सुचला नव्हता.

पोचे टाळता येतात का? काही प्रमाणात येतात. बाजारात दाराच्या कडेला लावायची रबरी पट्टी मिळते. ती लावावी, मात्र ती आपल्या गाडीचे रक्षण करत नाही, शेजाऱ्याच्या गाडीचे करते, आणि त्यामुळेच बहुधा तिचा खप कमी असावा. जुन्या गाड्यांच्या दारांवर मधोमध काळी जाड पट्टी असे, ती ठोका स्वतःवर घेई. आता गाडीची बाजू देखणी दिसावी म्हणून बऱ्याच नमुन्यांत ती गेली किंवा तळाशी सरकली, आणि शेजारी उंच गाडी उभी असली तर तळाच्या पट्टीचा उपयोग नाही. बाहेर गाडी लावताना रांगेच्या टोकाची जागा किंवा एका बाजूला खांब असलेली जागा धरावी. दार उघडताना ते कोपराने किंवा पायाने ढकलू नये. लांबच्या हाताने कडी ओढावी, म्हणजे अंग आपोआप वळते आणि मागे काय आहे ते दिसते, आणि दुसरा हात दाराच्या कडेवर ठेवावा. बोटे चेंगरली तर आपली चेंगरतील. मुलांना मागच्या दाराने उतरवताना आधी आपण उतरावे.

आमच्यासारख्या दोन खांबांतल्या दोन गाड्यांसाठी त्याहून चांगली युक्ती आहे, आणि टेपने मोजमाप केले ते तिच्यासाठी. एक गाडी नाक आत करून लावायची, दुसरी नाक बाहेर करून, अशा बेताने की दोन्हींच्या डाव्या बाजू एकमेकींसमोर येतील. दोघेही चालक एकेकटे असले तर त्या बाजूची दारे उघडायचीच नाहीत. मग मधली फट वीस सेंटिमीटरवर आणता येते आणि प्रत्येकाच्या उजव्या दाराला खांबाच्या बाजूने पंचावन्न मिळतात. खांबाला जुन्या चटईचा तुकडा गुंडाळला की झाले. सोसायटीत हे पहिल्या दिवसापासून करता आले असते. पण त्यासाठी दोन शेजाऱ्यांनी एकदा खाली उभे राहून बोलावे लागते.

पुढच्या वर्षी सप्टेंबरात महाविद्यालयाच्या आवारात माझ्या गाडीच्या मागच्या दाराला कोणीतरी पोचा पाडला आणि निघून गेला. मला राग आला, आणि आपल्याला राग यावा याचे थोडे आश्चर्यही वाटले. नेहमीच्या गॅरेजातल्या डेंटरने सांगितले ते सर्वपरिचित काम: पोच्यात सळई चिकटवून ओढायचे, उरलेला खळगा लांबीने भरायचा, घासायचे, रंगवायचे, तीन दिवस. रंगाऱ्यांची ही लांबी आणि परीक्षेतल्या उत्तरांची लांबी यांत मला नेहमीच साम्य दिसत आले आहे. दोन्हींचा उपयोग खळगा झाकण्यासाठीच होतो, आणि दोन्ही तपासायला साधी साधने पुरतात. पत्र्यावर चुंबक फिरवला की जिथे लांबी जाड आहे तिथे तो धरत नाही. शिवाय एका दाराला नवा रंग दिला की उन्हात ते शेजारच्या दाराहून निराळे दिसू लागते. विम्याकडे जाण्यातही अर्थ नसतो. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला पहिले हजार रुपये आपणच भरायचे, आणि दावा न केल्याबद्दल पाच वर्षांत साठत साठत पन्नास टक्क्यांपर्यंत गेलेली सवलत एका नाण्याएवढ्या पोच्यासाठी घालवायची.

एका सहकाऱ्याने दुसऱ्या प्रकारच्या कारागिराचा पत्ता दिला. रंगाला हात न लावता, आतून पत्रा ढकलून पोचा काढणारा. कारखान्यातला रंग भाजलेला आणि लवचीक असतो, तो फुटलेला नसेल तर पत्र्याबरोबर परत येतो. फुटला असेल तर हे काम करू नये, असे त्याने फोनवरच सांगितले. दीड हजार रुपये ठरले. रविवारी सकाळी तो स्कूटरवरून आला. तिशीतला, कमी बोलणारा. एका लांब कापडी गुंडाळीत वेगवेगळ्या बाकाच्या पोलादी सळया, काहींची टोके हरभऱ्याएवढी, काहींची सुरीच्या पात्यासारखी. त्याने दाराची काच खाली केली, काचेलगतची रबरी पट्टी सोडवली, फटीत प्लॅस्टिकची पाचर ठोकली, काचेला ओरखडा जाऊ नये म्हणून एक पातळ पत्रा आत सरकवला, आणि मग सळई आत सोडली. दाराच्या पोटात अपघातातला धक्का सोसायला आडवी पोलादी नळी बसवलेली असते. तिला वळसा घालून पोच्याच्या बरोबर मागे पोचायचे, तेही न पाहता. काही ठिकाणी पोचताच येत नाही. तिथे बाहेरून गरम गोंदाने प्लॅस्टिकचे बटण चिकटवून ओढतात आणि नंतर स्पिरिट सोडून गोंद सुटा करतात.

त्याचा दिवा मी पाहत राहिलो. पांढऱ्या उजेडावर काळ्या पट्ट्या असलेला एक फलक त्याने दाराजवळ उभा केला. चांगल्या पत्र्यात त्या पट्ट्यांचे प्रतिबिंब सरळ पडत होते आणि पोच्यापाशी येऊन आत वळत होते. सळईच्या टोकाने तो केसभर ढकलायचा, पट्टी किंचित सरळ व्हायची, पुन्हा ढकलायचा. आधी कडेकडेने, मग मध्याकडे. मी वाकून पोच्याकडे बघू लागलो तेव्हा म्हणाला, “सर, खड्ड्याकडे बघू नका, काही कळणार नाही. रेघेकडे बघा.” एके ठिकाणी जास्त ढकलले गेले आणि पट्टी बाहेरच्या बाजूला वळली. नायलॉनच्या टोकाचा ठोकणा लावून त्याने तेवढा उंचवटा खाली बसवला. जास्त ढकलले तर पत्रा ताणला जातो, म्हणाला, आणि ताणलेला पत्रा मग डब्याच्या तळासारखा आतबाहेर लचकत राहतो. तो कोणाच्या बापाला नीट करता येत नाही. चाळीस मिनिटांनी रेघा सरळ झाल्या.

तोवर काका खाली आले होते. त्यांच्या गाडीवरचा पोचा वर्षभर तसाच होता; कंपनीचा रंग खरवडायला ते तयार नव्हते. त्यांनी कारागिराला तो दाखवला आणि सवयीने सांगितले, “गाड्या पुसणाऱ्या पोरानं सायकल लावली.”

त्याने दिवा तिकडे नेला. थोडा वेळ पाहिले. मग म्हणाला, “सायकल नाही, काका. हा दरवाज्याचा मार आहे. मध्ये उभी रेघ बघा. हँडलला रबर असतं, त्याचा गोल बसला असता.” फडक्याला जरासे पॉलिश लावून त्याने ती रेघ पुसली आणि फडके उजेडात धरले. त्यावर केसाएवढी चंदेरी खूण आली होती. माझी गाडी चंदेरी आहे. तिचे पुढचे दार, त्यानेच मघाशी उघडलेले, तसेच अर्धे उघडे होते, आणि त्याच्या कडेचा टवका मला तिथून दिसत होता. त्यालाही दिसला. त्याने दार जरा पुढे लोटून पाहिले, मग मिटले. काकांना त्याने काहीच सांगितले नाही. फडके घडी करून खिशात घातले आणि माझ्याकडे वळून विचारले, “सर, दोन्ही काढू का?”

अजूनही मला गप्प राहता आले असते. ‘हो, काढ’ एवढे म्हटले असते तर शेजारधर्म म्हणून खर्च केला असे दिसले असते. काकांनी आभारही मानले असते. आधीच पकडल्या गेलेल्या माणसाने दिलेली कबुली कबुलीत धरावी की नाही, हे मला अजून ठरवता आलेले नाही. मी म्हणालो, “काका, ते दार माझं होतं.”

काका बराच वेळ पोच्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “तुम्ही जिन्यात उभे होतात.”

एवढेच. आवाज चढला नाही. कारागिराने पाचर उचलली आणि कामाला लागला. हा पोचा वर्षभर बसलेला, रेघही खोल, तास लागला. शेवटी तोही गेला. पैसे मी दिले. काकांनी नको म्हटले नाही. कारागीर गेल्यावर ते म्हणाले, “त्या मुलाला शोधायला हवं.” शोधायला हवे हे त्यांनी कोणाला उद्देशून म्हटले ते मी विचारले नाही, कारण आरोप त्यांचा होता आणि साक्ष माझी.

रखवालदाराकडून कळले की तो कात्रजच्या पुढे गाड्या धुण्याच्या एका केंद्रावर असतो. पुढच्या रविवारी आम्ही काकांच्या गाडीतून गेलो. वाटेत फारसे बोलणे झाले नाही. तो गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून पाण्याचा झोत मारत होता. आमच्यापुढे दोन गाड्या होत्या, त्या होईपर्यंत आम्ही रांगेत थांबलो. आमची पाळी आली तेव्हा त्याने ओळखले. यंत्र बंद करून जवळ आला. बोलायचे मी होते, मी बोललो. वारा, दार, जिना, सगळे. वर्षभर मनात घोळवलेला मजकूर होता, तरी धडपणे आला नाही. काका म्हणाले, “माझीही चूक झाली.” त्याचे त्या महिन्याचे राहिलेले पैसे त्यांनी पाकिटात घालून आणले होते. त्याने पाकीट घेतले, मोजले नाही, पँटच्या मागच्या खिशात सारले.

“मी तवाच सांगितलं होतं काका,” तो म्हणाला.

मग त्याने आमच्या दाराकडे पाहिले. ओल्या हाताचा तळवा दारावरून फिरवला, कडीपासून खालपर्यंत, एकदा, दोनदा, जसा तो पूर्वी रोज पहाटे फिरवत असणार.

“कुठं होता?”

काकांनी बोट ठेवले. ते वीतभर चुकले होते. मी पुढे होऊन बरोबर जागा दाखवली.